धोम ते माहुली : कृष्णाकाठ एका दिवसात, एसटीने

साताऱ्यातून एका दिवसाची सहल म्हटलं की यादीत प्रतापगड, महाबळेश्वर, सज्जनगड आणि वाई एका दमात घुसतात. मग निम्मा दिवस पसरणी घाटात जातो आणि वाईचा गणपती बसच्या खिडकीतून बघावा लागतो. त्यापेक्षा कृष्णा सोडायची नाही, एवढा एकच नियम धरा. सकाळी सगळ्यात लांबचं धोम गाठायचं आणि नदीबरोबर खाली येत मेणवली, वाई, लिंब करून संध्याकाळी माहुलीच्या संगमावर पोचायचं. पाच ठिकाणं, शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि वाटेत एकही घाट नाही.

चाळीसएक माणसं जमली तर आगारातून प्रासंगिक करारावर, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने ठरवून, साधी लाल बस घ्यावी. अर्ज बरेच दिवस आधी करावा. लग्नसराईत आणि यात्रांच्या दिवसांत गाड्या मिळत नाहीत. लांब आरामबस मुळीच घेऊ नये, लिंबच्या गावरस्त्यावर तिला वळायला जागा नसते. दोघं-चौघंच असाल तर नेहमीच्या फेऱ्या बऱ्या. महिलांना आणि ६५ ते ७५ वयाच्यांना तिकीट निम्मं, ७५ च्या पुढे मोफत. मूळ ओळखपत्र मात्र जवळ हवं. साताऱ्याहून वाईला गाड्या सतत असतात. पुढे मेणवलीला वाई स्थानकावरून रिक्षा करावी आणि धोम सोडून द्यावं.

आमची बस साडेसहाला सुटली. महामार्गाने आनेवाडीचा टोलनाका ओलांडून पाचवडला डावीकडे वळलं की वाई. साताऱ्यापासून साधारण ३५ किलोमीटर. गळिताच्या हंगामात पाचवड-भुईंज पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, तेव्हा अर्धा तास जादा धरावा. नाश्ता वाईतच उरकावा, धोमला चाळीस माणसांची सोय होत नाही.

धोमला पाऊण तास पुरतो. धरणाच्या भिंतीकडे जाण्याचा मोह टाळून थेट देवळात जावं. धोमेश्वरासमोरचा नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि ते कासव कमळाच्या आकाराच्या कुंडात. कुंडात पाणी असेल तरच ही रचना कळते, त्यामुळे पावसाळा संपल्यावर यावं. शेजारी उंच जोत्यावर नरसिंह आहे.

मेणवलीला मात्र घाई करू नका. बस मोठ्या रस्त्यावरच थांबवावी आणि वाड्यापर्यंत चालत जावं. वाडा नाना फडणवीसांचा, सहा चौकांचा. खासगी मालकीचा असल्यामुळे मोठा गट नेताना आधी कळवलेलं बरं. प्रवेशाचे पैसे सुटे ठेवावेत. चाळीस जण एकदम आत सोडले तर अरुंद जिन्यांवर कोंडी होते आणि लाकडी मजल्यांवर भार पडतो. म्हणून दोन तुकड्या कराव्यात, एक वाड्यात, एक घाटावर, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. घाटाकडे मागल्या बाजूने उतरता येतं. तिथे महादेवाच्या देवळाजवळ टांगलेली घंटा बहुतेक जण वाजवून पुढे जातात. ती नीट पाहावी : बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल तिच्यावर आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून ती इथे आली. कोरलेलं दिसण्यासाठी सकाळचं तिरपं ऊन हवं. दुपारी सगळं सपाट दिसतं. मेणवली वाईच्या आधी ठेवायचं कारण तेच.

वाईत बस गणपती आळीत घालू नये. स्थानकावर उतरून चालत घाटावर जावं. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ सालचं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. दर्शन घेऊन लगेच परतू नका, देवळाच्या मागे जा. गाभाऱ्यामागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे, म्हणजे पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा. जुलै-ऑगस्टमध्ये धोममधून पाणी सोडलं की घाट बुडतात आणि देवळातही पाणी येतं. उतरल्यावर पायऱ्यांवर निसरडं शेवाळ राहतं. संकष्टीला ही सहल नेऊच नये, अंगारकीला तर नाहीच. रांगेतच दोन तास जातात. जेवण साडेबाराला. खानावळीला आदल्या दिवशी माणसांचा आकडा सांगितला नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या पंगतीत तासाचं अंतर पडतं, आणि नेमका तोच तास लिंबला कमी पडतो.

लिंब म्हणजे बारा मोटांची विहीर. मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची कातडी पिशवी. दिवसातलं हे सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण, निदान सव्वा तास द्यावा. महामार्गावरून लिंब फाट्याला आत वळायचं, शेवटचा तुकडा शेतांमधून पायी. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात, म्हणजे साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, ती बांधवली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. वरून पाहिलं तर शिवलिंगासारखा आकार : अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली आयताकृती उपविहीर आणि दोहोंच्या मध्ये, पुलासारखा, चक्क महाल. नाव बारा मोटांचं असलं तरी मोटेच्या जागा पंधरा आहेत. त्या मोजायच्या तर आधी वर जावं : मोट जिथे रिकामी होई ती थारोळी, तिथून निघणारे पाट आणि बैलांच्या धावेची दिशा वरूनच समजते. पाणी भोवतीच्या आमराईला जायचं. मग जिन्याने खाली, दारावरची शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची, शिल्पं पाहून महालात. एका वेळी दहा-बारा जणांनीच उतरावं. खाली काळोख असतो, विजेरी लागते. महालाच्या कडेला फोटोसाठी टेकू नये. पोरांचा हात सोडू नये. सव्वादोनच्या आत पोचलात तर विहिरीत उजेड बरा मिळतो.

साडेतीनला निघालं की साडेचारच्या आत माहुली. साताऱ्याच्या पूर्वेला पाचएक किलोमीटरवर, कोरेगाव रस्त्याने. वेण्णा इथे कृष्णेला मिळते. आधी संगम माहुलीचं विश्वेश्वर मंदिर पाहावं. १७३५ मध्ये श्रीपतराव प्रतिनिधींनी ते बांधलं. नदीकडेला राजघराण्यातल्या समाध्या आहेत, शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही. पूर आला की समाध्या पाण्याखाली जातात, नंतर गाळ साचतो; म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. समोरच्या तीरावर क्षेत्र माहुली आणि रामेश्वर. दोन्ही तीर करायचे तर पुलावरून फेरा पडतो, बस त्या बाजूला आधीच पाठवून ठेवावी.

दर थांब्यावर चाळीस माणसं उतरून पुन्हा चढायला पंधरा मिनिटं जातात. पाच थांब्यांचा सव्वा तास होतो, तो वेळापत्रकात आधीच घाला. उशीर झालाच तर धोम गाळावं, लिंब नाही. पुण्या-कोल्हापूरकडे रेल्वेने जाणाऱ्यांना परत शहरात यायची गरज नाही. सातारा रेल्वे स्थानक माहुलीलाच आहे. त्यांचं सामान सकाळीच बसच्या मागच्या आसनांवर वेगळं ठेवावं, म्हणजे उतरताना शोधाशोध होत नाही.