कार्सनच्या कोचावरचे शेवटचे पाहुणे

भावगीतांच्या कार्यक्रमाचं निवेदन करणाऱ्या माणसाने जॉनी कार्सन कशासाठी बघायचा, असं आमच्या तबलजींनी मला गाडीत विचारलं. म्हटलं, गप्प कसं बसावं हे शिकायला. ते हसले, पण मी गंमत करत नव्हतो.

कार्सनने १ ऑक्टोबर १९६२ ला अमेरिकेतला ‘द टुनाइट शो’ हा टीव्हीवरचा रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम हाती घेतला आणि २२ मे १९९२ ला सोडला. सुरुवातीची वर्षं न्यूयॉर्कला, १९७२ पासून कॅलिफोर्नियातल्या बरबँकला. लोक रात्री साडेअकराला झोपायच्या आधी बघायचे तो कार्यक्रम चित्रित व्हायचा संध्याकाळी, ऊन असतानाच. निवेदक एड मॅकमॅहनची कार्सनच्या नावाची ती लांबलचक आरोळी, रंगीत पडदा, डॉक सेव्हरिन्सनचा बँड, मग टेबल आणि शेजारी कोच. नवा पाहुणा आला की आधीचा एक जागा पलीकडे सरकणार. पाहुण्याशी आधी गप्पा मारून किस्से गोळा करायचं काम मदतनिसांचं. त्यांची टिपणं कार्सनच्या टेबलावर असत. स्वतः तो कार्यक्रमाआधी पाहुण्यांशी बोलणं टाळायचा, म्हणजे ऐकताना चेहरा ताजा राहतो. आमच्याकडे ग्रीनरूममध्ये चहाबरोबर सगळं बोलून संपतं आणि स्टेजवर तेच पुन्हा ‘ताई, तो किस्सा सांगा ना’ म्हणून उकरायचं.

तर २१ मे १९९२, गुरुवार. शुक्रवारच्या शेवटच्या भागात पाहुणे नव्हतेच, नुसत्या आठवणी आणि निरोप. म्हणजे खरी शेवटची मैफल ही गुरुवारची. पाहुणे दोनच: विनोदी नट रॉबिन विल्यम्स आणि गायिका बेट मिडलर.

विल्यम्स पहिला. तो आला की मुलाखत वगैरे विसरायची. एका वाक्यात चार आवाज, पाचव्याची सुरुवात. त्याच आठवड्यात उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी एका मालिकेतल्या अविवाहित आईवर जाहीर भाषणात टीका केली होती, त्यामुळे विनोदी लोकांना आयतंच रान मिळालेलं. अशा माणसासमोर बहुतेक सूत्रधार स्पर्धेत उतरतात. कार्सन स्वतः उत्तम विनोदवीर, पण तो टेबलावर कोसळून हसतो आणि मध्येच एक छोटा शब्द टाकून चेंडू परत देतो. बस. हे कौशल्य आहे, आळस नाही.

मग मिडलर. सत्तरच्या दशकात ती न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक स्नानगृहात गायची, तेव्हापासून या कार्यक्रमाने तिला बोलावलं होतं. ते ती विसरलेली नाही हे तिच्या बसण्यातच दिसतं. पियानोवर मार्क शेमन. एका जुन्या गाण्याचे शब्द फिरवून तिने कार्सनवर गंमतगाणं केलं, लोक खूष. एवढ्यावर संपलं असतं तरी पैसे वसूल.

पण कोचावर गप्पा कार्सनच्या आवडत्या गाण्यांवर गेल्या. त्याने ‘हिअर्स दॅट रेनी डे’चं नाव घेतलं. तिने बसल्या बसल्या ते गुणगुणायला घेतलं आणि तो तिच्याबरोबर गायला लागला. त्याचा आवाज काही गाण्याचा नाही. बँडने हळूच स्वर धरला. मला विचाराल तर त्या रात्रीचा सगळ्यात मोठा क्षण हाच, नंतरचा नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना पुढे करणारा माणूस सगळ्यांसमोर कच्च्या गळ्याने गातोय, आणि सूर सांभाळतेय पाहुणी.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. मिडलर स्टेजच्या मध्यावर जाऊन ‘वन फॉर माय बेबी’ म्हणते. पावणेतीन वाजलेत, बार रिकामा झालाय आणि शेवटचं गिऱ्हाईक बारवाल्याशी बोलतंय, असं ते गाणं. त्या रात्री बारवाला कोण, हे सांगावं लागलं नाही. कॅमेरा सेटच्या पलीकडच्या बाजूने लावलेला. कार्यक्रमात पूर्वी कधी न वापरलेली ती जागा. त्यामुळे गाणारी आणि डोळे भरून ऐकणारा एकाच चौकटीत येतात. एरवी त्याचा चेहरा वेगळा, तिचा वेगळा, अशी कापाकापी झाली असती. या गाण्यासाठी मिडलरला एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं ते योग्यच, पण तो कॅमेरा तिथे लावणाऱ्यालाही मी काहीतरी दिलं असतं. चित्रण संपल्यावरही प्रेक्षकांनी तिघांना पुन्हा बाहेर बोलावलं. आपल्याकडे अशा वेळी आयोजक विंगेतून घड्याळ दाखवतात.

इंटरनेटवर हे शोधायला गेलात तर गाण्याचा तुकडा आधी सापडेल. तो लगेच लावू नका. आधी विल्यम्स बघा, पूर्ण. तोवर कार्सन इतका मोकळा हसलेला असतो, की पुढे रडू आवरायला त्याच्याकडे काही उरत नाही. कार्यक्रमाचा क्रम लावणाऱ्याने हे मुद्दाम केलं असेल का, यावर आमचे तबलजी आणि मी अजून भांडतोय. त्यांचं म्हणणं, योगायोग. त्यांनी आजवर एकाही कार्यक्रमाचा क्रम लावलेला नाही, हे मी त्यांना सांगितलंय.