तेंगो सिएते आन्योस

रविवार, रात्र

आज पोरं स्पॅनिशमध्ये वय सांगायला लागली. बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीतली ही मंडळी, पहिली ते तिसरीतली. मेस्सीपायी स्पॅनिशचं वेड लागलंय सगळ्यांना. अर्जेंटिनात दहा नंबरवाल्याला ‘एल दिएस’ म्हणतात हे कळल्यापासून दिएस हा आकडा कुणी विसरत नाही.

उनो, दोस, त्रेस घडाघडा म्हणतात. पण मूठभर चिंचोके पुढ्यात टाकून ‘किती?’ विचारलं, की पुन्हा उनोपासून सुरुवात. सेइस आणि सिएते, म्हणजे सहा आणि सात, तर हमखास अदलाबदल होतात. हे होणारच. आकडा नुसत्या ओळीत पाठ झाला की ओळ सोडून एकटा यायला तो तयार नसतो. म्हणून वीसपर्यंत रेटण्याआधी मी वयाकडे वळले. वय हा प्रत्येक पोराचा हक्काचा आकडा, तो काही केल्या चुकत नाही.

‘कुआंतोस आन्योस तिएनेस?’ म्हणजे किती वर्षं आहेत तुझ्याजवळ, असं मी विचारलं. ‘तेंगो’ म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’, तेव्हा सात वर्षं जवळ आहेत असंच सांगायचं. ते त्यांनी निमूट मान्य केलं. भांडण निघालं दुसऱ्याच गोष्टीवरून.

‘टीचर, मला आठवं लागलंय. मग ओचो ना?’

नाही गं, पूर्ण झालेली वर्षंच धरायची. एक वर्ष हातचं गेलं म्हणून तिचा चेहरा उतरला. वाढदिवसाला किती महिने राहिले ते बोटांवर मोजलं, मग कुठे ‘तेंगो सिएते आन्योस’ आलं, तेही तोंड फुगवून. शेजारच्याला मात्र धाकट्या भावाचं सांगायचं होतं. तिथे उनोचा ‘उन’ होतो आणि आन्योसचा शेवटचा स जातो: ‘मी एर्मानो तिएने उन आन्यो’, माझा भाऊ एक वर्षाचा आहे. ते त्याला इतकं आवडलं की सगळ्यांना ऐकवत सुटला.

मग आजीचं वय निघालं. सदुसष्ट. मराठीत सात आधी, साठ मागून. त्यातही सदुसष्ट म्हणताना निम्मी पोरं अडखळतात. मी विचारलं, कन्नडमध्ये काय म्हणता रे? अरवत्तेळु! एका सुरात. अरवत्तु म्हणजे साठ, एळु म्हणजे सात. स्पॅनिशचीही तीच चाल: सेसेंता इ सिएते, साठ आणि सात. क्षणात जमलं. तीस, चाळीस, पन्नासचे शब्द फळ्यावर लिहिले, तशी मूवत्तोंदु, म्हणजे एकतीस, म्हणत त्यांनीच ‘त्रेइंता इ उनो’ जुळवलं.

मला याचा फार आनंद झाला. इतक्या भाषा कानावर पडल्या की मुलं गोंधळतात, असं इथले पालक काळजीने सांगतात. बाजारात, बसमध्ये, शाळेत कानावर पडलेलं कन्नड आज आमच्या कामी आलं. बेळगावच्या पोरांना जी वाट आयती मिळाली आहे, ती मी तरी वापरणारच.

घरच्या एका मोठ्या माणसाचं वय विचारून यायचं, एवढाच अभ्यास दिलाय. पुढच्या रविवारी सेसेंता आणि सेतेंता वेगळे करायचे आहेत. साठी-सत्तरीतले आजी-आजोबा गल्लीत भरपूर आहेत.