बडोद्याहून दहेज आणि मगदल्ला: नदीवरचा माल कुठे आणि कसा मोजतात

देशाच्या राष्ट्रीय जलमार्गांवरून 2023-24 मध्ये 133 दशलक्ष टन माल गेला, 2024-25 मध्ये 145.5 दशलक्ष टन. 2013-14 मध्ये हाच आकडा 18 दशलक्षांच्या आसपास होता. या बेरजेत महाराष्ट्र आणि गुजरातच्या खाड्या नि नदीमुखांचा वाटा मोठा आहे. हे टन ज्या जेटींवर कागदावर उतरतात, त्यांतल्या काही बडोद्यापासून जवळ आहेत. संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यांनी, वाहतुकीवर लिहिणाऱ्यांनी हा फेरा जरूर करावा. तक्त्यातला टन आणि धक्क्यावरचा टन यांत काय काय घडते, ते तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

मार्ग सोपा आहे. पहिल्या दिवशी बडोदा ते भरूच रेल्वेने, तिथून रस्त्याने नर्मदेच्या मुखावरचे दहेज, मुक्काम भरूचला. दुसऱ्या दिवशी सुरत, तापीच्या मुखाकडची मगदल्ला आणि हजीरा ही बंदरे, आणि रात्री परत. बडोदा-भरूच सत्तरेक किलोमीटर, भरूच-दहेज पन्नासच्या आत. दांडिया बाजारातून शेव-उसळ खाऊन निघायचे तर गाडी त्यानंतरची धरा, कारण दहेजच्या रस्त्यावर कंपन्यांच्या कँटीनपलीकडे खाण्याची सोय तुरळक आहे. भरूचची खारी शेंग बरोबर घ्या, दिवसभर पुरते.

परवानगीशिवाय मात्र हा फेरा फुकट जातो. दहेज आणि हजीऱ्याच्या जेटी सुरक्षित क्षेत्रात मोडतात. कॉलेज, संस्था किंवा नियतकालिकाच्या कागदावर अर्ज, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत, भेटीचा हेतू आणि भेटायचा विभाग हे सगळे दोन-तीन आठवडे आधी पोचले पाहिजे. अर्जात ‘जेटी पाहायची आहे’ असे लिहू नका. ‘बार्जच्या मालाची नोंद आणि ड्राफ्ट सर्व्हे समजून घ्यायचा आहे’ असे लिहा, म्हणजे अर्ज जनसंपर्काकडे न जाता ऑपरेशन्सकडे जातो. (बार्ज म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, आणि ती पाण्यात किती बुडाली त्यावरून माल मोजणे म्हणजे ड्राफ्ट सर्व्हे.) बंद बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हेल्मेट. फोटो काढण्याची परवानगी वेगळी मागावी लागते.

तारीख ठरवताना कॅलेंडरवर तिथी पाहा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठा. भावनगरला तो उधाणाच्या दिवसांत 10 मीटरच्या पुढे जातो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास प्रवाह जोरात असतो, बार्जची हालचाल भरतीच्या थोड्या तासांत कोंबली जाते आणि अधिकाऱ्यांना तुमच्याशी बोलायला उसंत नसते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत काम शांतपणे पाहता येते. तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब इथे लावू नका. मुंबईहून आखाताच्या आत यायला भरतीला काही तास लागतात आणि भरूचला ती आणखी उशिरा पोचते. बंदराचा भरतीतक्ता आधीच मागवा.

भरूचला पूल पाहायचाच, तोही कामाच्या नजरेने. 1881 चा गोल्डन ब्रिज, शेजारचा रेल्वेपूल, महामार्गावरचा 2017 चा केबलचा पूल. पुलाखालची मोकळी उंची आणि पात्रातले पाणी या दोन गोष्टी कोणते जहाज वर जाऊ शकेल ते ठरवतात. नर्मदा हा राष्ट्रीय जलमार्ग 73, लांबी 226 किलोमीटर. पण वर केवडियाला सरदार सरोवर आहे, त्याखाली गरुडेश्वरचा बंधारा आहे. भरूचच्या पुलावरून पाहिलेत तर मालाचे बार्ज दिसत नाहीत, वाळूचे उथळ पट्टे दिसतात. जलमार्गाची घोषित लांबी आणि माल प्रत्यक्ष चालणारी लांबी यांतला फरक इथेच लक्षात येतो, आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांनीही या नदीमुखाच्या भरतीची धास्ती नोंदवून ठेवली आहे. तेव्हाही इथले वाटाडे नावा घेऊन समुद्रात जात आणि परकी जहाजे आत आणत.

दहेजला एका ओळीत वेगवेगळ्या मालाच्या जेटी आहेत: पेट्रोनेटचे एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल, रसायनांचे टर्मिनल, कोळसा आणि सुटा माल उतरवणारी जेटी, बिर्ला कॉपरची जेटी. हा माल नदीचा की समुद्राचा, हा इथला कळीचा प्रश्न. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक जलमार्गाची सुरुवात आणि शेवट अक्षांश-रेखांशांत दिला आहे. नर्मदेचा पट्टा समुद्राला मिळेपर्यंत मोजला जातो. म्हणून समुद्रातून थेट आलेल्या जहाजाचा माल बंदराच्या तक्त्यात जातो आणि जेटी जलमार्गाच्या हद्दीत धरली असेल तर तोच माल जलमार्गाच्या तक्त्यातही येऊ शकतो. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असतात. ते शेजारी ठेवून बेरीज केली की माल दुप्पट होतो. जाण्यापूर्वी परिशिष्टातले बिंदू नकाशावर टाकून घ्या आणि जेटीवर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची जेटी रेषेच्या आत धरली आहे की बाहेर?

नर्मदेचे परिक्रमावासी दक्षिण तटावरून दहेजजवळच्या मिठी तलाईला होडीने येतात. ती वाहतूक माणसांची, तिचा रकाना वेगळा. फेरीबोटीवर चढलेले ट्रकही वेगळे धरतात. घोघा-दहेज फेरीबोट सेवा 2017 मध्ये सुरू झाली आणि गाळामुळे 2020 मध्ये हजीऱ्याला हलली. ट्रकचे वजन मालात धरले आहे की फक्त ट्रकची संख्या दिली आहे, हे प्रत्येक तक्त्याच्या तळटीपेत पाहावे.

आता वजन. यासाठी किमान तीन तास ठेवा. सुट्या मालाच्या बार्जचे वजन बहुधा ड्राफ्ट सर्व्हेने काढतात: भरलेले जहाज किती पाणी बाजूला सारते, त्यावरून. पुढे, मध्ये आणि मागे, दोन्ही बाजूंना, असे सहा ठिकाणचे ड्राफ्टचे, म्हणजे पाण्यात बुडालेल्या खोलीचे, आकडे वाचतात. प्रत्येक जागेची दोन्ही बाजूंची सरासरी काढायची, मग पुढचा, मागचा आणि मधल्याची सहापट यांची बेरीज करून 8 ने भागायचे. समजा पुढे 4.02 मीटर, मागे 4.30 आणि मध्ये 4.10 आहे. सूत्राने 4.115 येतात. घाईत फक्त पुढचा-मागचा आकडा घेतला तर 4.16 येतात. फरक साडेचार सेंटिमीटर. 70 मीटर लांब आणि 14 मीटर रुंद, चौकोनी बार्ज एक सेंटिमीटर बुडायला सुमारे 10 टन लागतात, म्हणजे त्या एका घाईने 45 टन जास्त लिहिले गेले. मधला ड्राफ्ट सरासरीहून कमी आला तर बार्जची पाठ मध्ये वर वाकली आहे, हे ओळखावे. लाटा असतील तर एकच वाचन घेऊ नये, वर-खाली जाणाऱ्या पाण्याची अनेक वाचने घेऊन मध्य काढावा.

दुसरी चूक घनतेची. तक्ते 1.025 घनतेच्या समुद्राच्या पाण्यासाठी असतात. नदीमुखात पाणी मचूळ, भरतीला जास्त खारे, ओहोटीला आणि पावसाळ्यात गोडे. 3,000 टन विस्थापन असलेल्या बार्जसाठी खरी घनता 1.010 असताना 1.025 धरली तर सुमारे 44 टन जास्त दिसतात. नमुना बार्जच्या बुडालेल्या भागाच्या मध्यखोलीवरून घ्यायचा आणि लगेच घनता मोजणारा हायड्रोमीटर घालायचा. नर्मदेच्या मुखाचे पाणी इतके गढूळ की बादली तशीच ठेवली तर गाळ बसतो आणि घनता कमी भरते. इंधन, गोडे पाणी, बॅलास्ट (तोल राखायला भरलेले पाणी) वजा करायचे. शेवटी रिकाम्या बार्जचे वाचन. रोज फेऱ्या मारणाऱ्या बार्जसाठी ते टाळून जुना आकडा वापरण्याची सवय असते. तळाशी उरलेला चिखल आणि कोळसा मग प्रत्येक फेरीत माल म्हणून मोजला जातो. तुम्ही पाहात असाल तेव्हा रिकामे वाचन कधीचे आहे ते विचारा.

जेटीवर पट्ट्याचा काटा किंवा ट्रकचा वजनकाटा असला तर तिसरा आकडा मिळतो, आणि मूळ जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगवर (माल चढवल्याच्या पावतीवर) चौथा. धूळ दाबायला कोळशावर पाणी मारतात, त्यामुळे काट्याचा आकडा मूळ वजनाहून वर जातो. हे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. विवरणपत्रात त्यांतला कोणता जातो आणि तो दर महिन्याला तोच असतो का, हे टिपून घ्या.

सुरतेला पोचल्यावर आधी सिंगणपोरचा कॉजवे पाहा. भरतीचे पाणी तिथे अडते. तापी हा जलमार्ग 100, लांबी 436 किलोमीटर, पण वर काकरापार आणि उकाई आहेत. बार्जची वाहतूक खालच्या पट्ट्यात, मगदल्ला आणि हजीऱ्याकडे. मोठे जहाज बाहेर नांगरते, कोळसा बार्जमध्ये उतरतो आणि बार्ज भरतीबरोबर आत येतात. टन-किलोमीटर (टन गुणिले अंतर) का मागावेत, ते इथे स्पष्ट दिसते. उदाहरणादाखल 55,000 टनांचे जहाज घेऊ: 2,750 टनांच्या 20 बार्जफेऱ्या, जलमार्गाच्या हद्दीतले अंतर 12 किलोमीटर. झाले 6 लाख 60 हजार टन-किलोमीटर. गंगेवर हल्दियाहून वाराणसी 1,390 किलोमीटर. तिथे केवळ 500 टन नेले तरी 6 लाख 95 हजार होतात. टनांच्या तक्त्यात तापी शंभरपटीहून पुढे, कामाच्या तक्त्यात गंगा किंचित पुढे. दोन्ही आकडे हवेत. धक्क्याची क्षमता ठरवायला टन लागतात, रस्त्यावरून किती भार उतरला हे सांगायला टन-किलोमीटर. केंद्राच्या जलवाहक योजनेत 300 किलोमीटरपेक्षा लांबच्या वाहतुकीला खर्चाचा परतावा आहे, तिथेही अंतरच पाहिले आहे. नुसत्या टनांवरून जलमार्गांची तुलना करणारे लेख आम्हाला म्हणूनच अपुरे वाटतात.

अंतर सरळ रेषेत मोजू नका, जहाज जाते त्या खोल पात्राने मोजा. नांगरवाडा, म्हणजे मोठे जहाज नांगरते ती जागा, हद्दीबाहेर असेल तर बाहेरचे किलोमीटर धरू नका.

कागदांचा प्रवास असा: एक भरलेली फेरी म्हणजे एक नोंद. तीत बार्जचे नाव आणि नोंदणी क्रमांक, क्षमता, भरण्याची व उतरवण्याची जागा आणि तारीख, माल, टन. ऑपरेटर आणि जेटी आपली विवरणपत्रे देतात, गुजरातमध्ये बंदरांचे आकडे गुजरात मेरिटाइम बोर्डाकडे जमतात, राष्ट्रीय जलमार्गांचे आकडे अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरण आपल्या कार-डी या मालाच्या आकड्यांच्या पोर्टलवर गोळा करते. बंदर मंत्रालयाची वाहतूक संशोधन शाखा प्राधिकरण, राज्ये आणि कंपन्या यांच्याकडून माहिती घेऊन वार्षिक प्रकाशन काढते. कच्चा दुवा खाजगी ऑपरेटरांचा. विवरणपत्र आले नाही तर तो रकाना कोरा ठेवायला हवा. तिथे शून्य टाकले की वाहतूक घटल्याचे चित्र तयार होते. 2020 मध्ये जलमार्ग वापरशुल्क माफ झाले. जहाजवाल्यांना दिलासा मिळाला, पण शुल्काची पावती हा पडताळ्याचा एक स्वतंत्र कागद असतो, तोही त्याबरोबर गेला.

हाती तक्ता आला की काही गोष्टी तपासता येतात. प्रत्येक फेरीचे टन क्षमतेइतकेच असतील तर वजन केलेले नाही, क्षमता उतरवली आहे. उघड्या नांगरवाड्यावरचे काम पावसाळ्यात थंडावते. जुलै आणि जानेवारी सारखेच दिसले तर वर्षाचा आकडा बाराने भागला असावा. ‘इतर’ मालाचा वाटा अचानक वाढला तर एखाद्या जेटीने मालाचे नाव लिहिणे सोडले आहे. 31 मार्चला भरून 1 एप्रिलला उतरलेली फेरी कोणत्या वर्षात जाते याचा नियम एकच असावा. ‘एमटी’ म्हणजे मेट्रिक टन की दशलक्ष टन, ते शीर्षकावरून गृहीत धरू नका. 2016 च्या आधी पाच राष्ट्रीय जलमार्ग होते, त्या वर्षी 111 झाले, म्हणून लांब मालिका मांडताना कोणत्या वर्षी कोणते जलमार्ग धरले आहेत याची यादी सोबत हवी.

युरोपचे आकडे शेजारी ठेवायचे असतील तर तिथला नियम वेगळा आहे. 50 टनांहून कमी क्षमतेची जहाजे, प्रवासी जहाजे, फेरीबोटी आणि ड्रेजर (गाळ उपसणारी जहाजे) वगळतात. माल 20 गटांत मांडतात, देशांतर्गत, आंतरराष्ट्रीय आणि पारगमन (देशातून फक्त पुढे जाणारा माल) वेगळे दाखवतात. त्यांचे वर्षही जानेवारी ते डिसेंबर.

जेटीवर जे कागद दाखवत नाहीत ते माहिती अधिकारात मागता येतात. केंद्राच्या कार्यालयाला शुल्क 10 रुपये, गुजरात सरकारच्या कार्यालयाला 20, मुदत 30 दिवस. ‘मालवाहतुकीची माहिती द्यावी’ असा अर्ज केला तर छापील वार्षिक बेरीज हाती येते. जलमार्ग क्रमांक, वर्ष, महिनानिहाय, जेटीनिहाय, मालनिहाय टन, टन-किलोमीटरसाठी धरलेले अंतर, आणि विवरणपत्र न आलेल्या जेटींची यादी, असे सुटे मुद्दे क्रमांक घालून लिहा. कंपनीचे नाव व्यापारी गुपित म्हणून नाकारले जाऊ शकते, तेव्हा जेटींना नावाऐवजी क्रमांक देऊन माहिती दिली तरी चालेल, हे वाक्य अर्जातच घाला.