मज्जातंतूची नळी: उंदरात पास, मेंढीत खरी परीक्षा

मनगटाशी मीडियन मज्जातंतू तुटला, तर टोकाला टोक शिवता येते. मधला तुकडाच गेला आणि अंतर ३ सेंटीमीटरच्या पुढे गेले, की पायातला सुरल मज्जातंतू काढून लावावा लागतो. त्याला पर्याय म्हणून तुटलेल्या दोन टोकांमध्ये बसवायच्या नळ्या निघाल्या, त्या बहुतेक उंदरावर तपासल्या जातात. उंदीर मात्र १० मिलिमीटरची फट रिकाम्या सिलिकॉनच्या नळीतूनही भरून काढतो! अशा प्राण्यात कुठलीही नळी चांगलीच दिसणार.

माणसात तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. दंडापासून हातापर्यंत ४० सेंटीमीटर म्हणजे वर्षाहून जास्त. तोवर तंतूला वाढीत साथ देणाऱ्या खालच्या श्वान (Schwann) पेशींचा आधार आटतो, स्नायू सुकतो. हा उशीर उंदराच्या आखूड पायात येतच नाही.

म्हणून मेंढी. सोलापूरच्या आसपास, सांगोला-मंगळवेढ्याकडे, ती सहज मिळते. पण वाढ पूर्ण झालेलीच घ्या, कोकराचा पाय वाढता वाढता फटही ताणली जाते. मोठ्या प्राण्याला संस्थेच्या समितीची मंजुरी पुरत नाही, प्रस्ताव प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे जातो. मागच्या पायातला पेरोनियल मज्जातंतू तोडला तर खूर मुडपतो, घासून जखमा होतात. पुढच्या पायातला मीडियन बरा, चालीवर फारसा परिणाम होत नाही.

खरी धास्ती भुलीची. आधी २४ तास चारा बंद ठेवला तरी रवंथाचे पोट रिकामे होत नाही. आडवी केली की ढेकर अडतो, पोट फुगते, फुप्फुसांवर दाब येतो. श्वासनलिकेत फुगा (cuff) असलेली नळी, जठरात जाड नळी आणि तोंड खाली उतरते ठेवलेले, म्हणजे लाळ बाहेर गळते. झायलाझिन हे गुंगीचे औषध जपून, मेंढीत त्याने फुप्फुसात पाणी होऊ शकते.

टाके ८-० किंवा ९-० या अतिबारीक नायलॉनचे, मज्जातंतूच्या फक्त बाहेरच्या आवरणातून. ताण आला की तिथे व्रण धरतो. नळीशी तुलनेसाठी बरेच जण कापलेला तुकडाच उलटा फिरवून लावतात. सोय आहे, पण माणसाला मिळणाऱ्या बारीक सुरलपेक्षा तो कितीतरी उजवा, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे.

तीन महिन्यांत आटोपलेला मेंढीचा अभ्यास मला वायाच वाटतो. ९ ते १२ महिने हवेत. नुसते तंतू मोजून भागत नाही. एकाच तंतूला फाटे फुटून आकडा फुगतो. स्नायूची विद्युत नोंद घ्याच, निरोगी पायाचीही. थिएटरच्या एसीत पाय गार पडला, तर दर अंशाला मज्जातंतूतल्या संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो, तेव्हा प्रत्येक नोंदीशेजारी पायाचे तापमान लिहा.