गुडघ्याखालची उशी

जुलैतल्या भुरभुर पावसात दूध आणायला निघाले होते. वळणावर गाडी घसरली, तोल सावरायला डावा पाय खाली टेकवला आणि गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला. नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग, ज्यावर मांडीचं हाड टेकतं, तोच खचला होता. टिबिअल प्लॅटो फ्रॅक्चर. सांध्याची पातळी बिघडलेली राहिली तर पुढे लवकर झीज होते, म्हणून ऑपरेशन करून प्लेट आणि सहा स्क्रू बसवले.

घरी सोडताना बजावलं, "आठ आठवडे पाय टेकवायचा नाही." ते मी कसोशीनं पाळलं. पण गुडघा हलवायचा की नाही, हे कोणीच सांगितलं नाही. आराम पडतो म्हणून गुडघ्याखाली मऊ उशी ठेवून मी पडून राहायचे. घरचेही मायेनं ती नीट करून द्यायचे.

तीन आठवड्यांनी फिजिओथेरपीच्या ताई आल्या आणि त्यांनी सगळ्यात आधी ती उशी काढली. टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली ठेवली. पाय अधांतरी राहिला तेव्हा दिसलं, गुडघा पुरता सरळच होत नव्हता. वाकत होता जेमतेम ३५ अंश. "साधं खुर्चीतून उठायला ९० तरी लागतात, काकू," त्या म्हणाल्या. मला रडूच कोसळलं. तीन आठवडे मी आराम समजून गुडघा आखडवत होते, आणि हे मला आधी सांगायला हवं होतं, असं आजही वाटतं.

मग "मांडी आवळा" सुरू झालं. ऐकायला सोपं, पण माझी डावी मांडी ऐकेचना. मी तिच्याकडे टक लावून बघायची, सगळा जीव एकवटायची, स्नायू ढिम्म. ताई आधी उजवी मांडी आवळायला लावायच्या, मग डावी. पाचव्या दिवशी वाटीच्या वर कातडीखाली काहीतरी थरथरलं. मी लेकीला हाक मारून बोलावलं, हात लावून बघ म्हटलं. पाटावर टाल्कम पावडर शिंपडून टाच मागे सरकवायची, रोज शंभर वेळा. दुखायचं, पण तासाभरात शमणारं दुखणं चालेल, दुसऱ्या दिवशी सूज वाढवणारं नको, हा ताईंचा नियम.

आठ आठवड्यांनी एक्स-रेत हाड जुळताना दिसलं. आता पायावर किती भार द्यायचा? वजनकाटा जमिनीवर ठेवला, वॉकर धरला, डावा पाय काट्यावर टेकवून २० किलोपर्यंत दाबला. तो दाब अंगात मुरेपर्यंत पुन्हा पुन्हा. दर आठवड्याला आकडा थोडा वाढवत गेलो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हेही पाठ झालं.

लंगडणं मात्र हाड जुळल्यावरही राहिलं. टेपनं मोजलं तर डावी मांडी चार सेंटिमीटरनं बारीक! ती भरत गेली तशी चाल सुधारली. डिसेंबरात काठी सोडली आणि चालत जाऊन दूध आणलं.

आता दहा महिने झालेत. गुडघा ११८ अंश वाकतो. मांडी घालून अजून बसता येत नाही, सकाळी पहिली दहा पावलं जड जातात. रात्री बातम्या बघताना टाचेखाली टॉवेल असतोच.