तुम्ही विचारलंत म्हणून : तांबड्या खडकावर सायकल घसरत नाही का?

अमेरिकेतील युटा राज्यातल्या मोआबच्या खडकांवर एक दिवस सायकल चालवून आल्यापासून सोलापुरात मला हा प्रश्न सतत विचारला जातो. पहाटे सिद्धेश्वर तलावाजवळ भेटणारे सायकलस्वार विचारतात, तसेच ज्यांनी शाळेनंतर सायकलला हात लावलेला नाही तेही विचारतात. उतरता, उघडा खडक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पावसात भिजलेली शहाबादी फरशी येते आणि तिच्यावरून कधी ना कधी आपटलेला माणूस प्रत्येक घरात असतोच, त्यामुळे ही शंका रास्त आहे. तरीही उत्तर स्पष्ट आहे : खडक कोरडा असेल तर चाक घसरत नाही. उलट टायर त्याला इतके घट्ट धरते की ज्या चढावर डांबरी रस्ता असता तरी मी उतरून चालू लागले असते, तो चढ तेथे सायकलवरून पार होतो.

याचे कारण त्या खडकाच्या घडणीत आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. मोआबचा नवाहो वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना, ज्युरासिक काळातील वाळूच्या टेकड्यांपासून बनलेला. वाऱ्याने रचलेली ती वाळू दबली, कण एकमेकांना सांधले गेले आणि लोहाच्या ऑक्साइडने त्यांना तांबूस-केशरी रंग चढला. खाली वाकून पाहिले तर जुन्या टेकड्यांच्या तिरप्या थरांच्या रेघा अजूनही स्वच्छ दिसतात. हात फिरवला की तळव्याला काचकागदासारखी खरखर लागते. हीच खरखर टायर धरून ठेवते आणि पडल्यास गुडघ्याची सालही तीच काढते, म्हणून गुडघ्यांची ढाल आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घातल्याशिवाय तेथे जाऊ नये.

आम्ही गेलो ती स्लिकरॉक ट्रेल सुमारे 17 किलोमीटरांची फेरी आहे. ती 1969 साली मुळात मोटारसायकलींसाठी आखली गेली होती. तेथे मातीची पायवाट नाही. खडकावर रंगवलेल्या पांढऱ्या तुटक रेघा हीच वाट. चढाची तयारी म्हणून मी तुळजापूरच्या घाटात बराच सराव केला होता. त्याने दम वाढला, पण घाटात एक लय धरून वर जाता येते आणि येथे प्रत्येक चढ आखूड, भिंतीसारखा उभा असतो. सर्वांत हलका गिअर आधीच टाकावा लागतो, सीटच्या अगदी टोकावर सरकून छाती हँडलजवळ न्यावी लागते आणि पेडल एका दाबाने न मारता गोल फिरवत राहावे लागते, कारण छाती मागे राहिली तर पुढचे चाक हवेत उठते. उताराला सगळे उलटे. सीट खाली घ्यायची, शरीर मागे न्यायचे आणि दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, सारख्या दाबाने धरायचे. पुढचा ब्रेक एकदम आवळला तर खडकाची तीच पकड आपल्याला हँडलवरून पुढे फेकते.

घसरण्याचे खरे ठिकाण म्हणजे दोन खडकांमधला खोलगट भाग, जेथे सुटी वाळू साचलेली असते. वेगाने उतरून आलेले पुढचे चाक तिच्यात रुतते, म्हणून नजर चाकापुढे न ठेवता उताराच्या तळाशी ठेवावी.

वाळूच्या कडेला एक काळपट, खडबडीत, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याएवढी नाजूक साय दिसते. ती माती नव्हे, सजीव आहे. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण बांधून ती तयार केलेली असते. ती वारा आणि पावसाच्या धुपीपासून जमीन राखते आणि हवेतला नायट्रोजन तिच्यात आणते. एका पावलाने ती मोडते आणि पूर्ववत व्हायला अनेक दशके लागू शकतात. फोटोसाठी तिच्यावरून पलीकडे जाणारे लोक पाहिले की मला नान्नजच्या माळरानाची आठवण होते. माळढोकाचे ते घर आपल्यापैकी किती जण अजूनही 'पडीक जमीन' म्हणून उडवून लावतात! रुक्ष दिसणारी जमीन रिकामी नसते हे सोलापूरकराला कोणी शिकवावे लागू नये, म्हणून माझा आग्रह आहे की चाक आणि बूट खडकावरच ठेवावेत.

उन्हाबद्दलही विचारणा होते. आपल्याला ऊन नवे नाही, पण मे महिन्यात दुपारी बारा वाजता आपण कोणी घाट चढत नाही. शिवाय मोआब समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटरांवर आहे आणि ट्रेल त्याहूनही वर, त्यामुळे दम लवकर लागतो. कोरड्या हवेत घाम अंगावरच वाळतो, कपाळावर मीठ खरखरते आणि तहान उशिरा कळते. वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. "आत्या, तहान लागायच्या आधी प्यायचं," असे माझी भाची दर थांब्याला बजावत होती आणि प्रत्येकीकडचे तीन लिटर पाणी बरोबर पुरले. खाण्यासाठी मी सोलापुरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली होती. अशा कामाला याहून चांगली शिदोरी मला माहीत नाही : ती उन्हात बिघडत नाही, वजनाला हलकी असते आणि गेलेले मीठ भरून काढते.

ज्यांना जायचे आहे त्यांनी मार्च ते मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ धरावा, पहाटे निघावे आणि पाऊस झाला असेल तर खडक वाळेपर्यंत थांबावे. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल मोआबमध्येच भाड्याने मिळते. सुरुवातीलाच सरावाची एक छोटी फेरी आखलेली आहे. चढ तेथेही तेवढेच उभे आहेत, फक्त अंतर कमी आहे, त्यामुळे ती आधी करावी, आणि पायांत बळ व पिशवीत निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असेल तरच मोठ्या फेरीकडे वळावे.