पिशवीतलं स्टीलचं ताट

उत्तर गोव्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी एचआयव्हीची काउन्सेलर आहे, दहा वर्षं होत आली. तपासणीआधी बोलायचं, रिपोर्ट आल्यावर बोलायचं, कंडोमची पेटी भरून ठेवायची, रजिस्टर लिहायचं, एवढंच काम. त्या दिवशी मान्सून चालू, ओपीडी रिकामी, आणि पेडण्याकडची एक साठीची बाई कदंबातून, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसमधून, उतरून चिंब भिजून आत आली. पिशवीतून स्टीलचं ताट नि पेला काढून टेबलावर ठेवला आणि म्हणते, "बाय, हे किती वेळ उकळायचं सांग."

मुलाचं ताट. त्याला तो आजार आहे म्हणे, त्यानेच रात्री रडत सांगितलेलं. तो आमच्याकडे येतो का, हे मला बघताही येत नाही नि सांगताही येत नाही, 2017 चा एचआयव्हीचा कायदाच आहे तसा, म्हणून मी नावसुद्धा विचारलं नाही आणि जे कुणालाही सांगेन तेच सांगितलं. उकळायचं काही नाही हो, नेहमीसारखं घासा. ताटातून, हुमणातून (आमची माशाची आमटी), मिठी मारून, डास चावून हा पसरत नाही, संबंधातून पसरतो, रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आणि उपचार नसतील तर आईकडून बाळाला. ती सगळं ऐकून मान डोलवत होती पण ताट काय पिशवीत परत घालेना.

मला वाटलं संसर्गाची भीती. गणेशचवथीपासून ती पोराला मागच्या खोलीतच जेवायला वाढत होती, तेव्हा दुसरं काय वाटणार. मग हळूच म्हणाली, "पोलीस व्हरतले मगो ताका?" पोलीस नेतील ना गो त्याला?

तेव्हा लक्षात आलं. ही तरुणपणी मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकायला बसायची. 1989 मध्ये रक्तदान करताना डॉमिनिक डिसोझा नावाच्या गोव्यातल्या तरुणाला एचआयव्ही निघाला आणि त्याला मापशाच्या बंद पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये 64 दिवस डांबून ठेवलं, तेही तेव्हाच्या गोव्याच्या कायद्याच्या आधारावर. त्याच्यासाठी त्याची आई कोर्टात भांडली, तो 1992 मध्ये वारला. बाजारात तेव्हा दुसरा विषय नव्हता म्हणे. एवढ्या वर्षांनी ही बाई पोराला लपवत होती ती विटाळ म्हणून नाही, कोणी येऊन घेऊन जाऊ नये म्हणून. आम्ही ट्रेनिंगमध्ये गैरसमज गैरसमज करत बसतो आणि इथे जुनी खरी आठवणच निघाली, मला तरी हे पुस्तकात कधी सापडलं नव्हतं.

म्हटलं मावशी, आता उलट आहे. असं वेगळं काढून कोंडणं आता कायद्यात भेदभाव धरतात. गोळ्या फुकट मिळतात, बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एआरटी सेंटर आहे, ह्या गोळ्यांच्या उपचाराचं, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी, पण रोज, ठरल्या वेळी, बरं वाटायला लागलं म्हणून सोडायची नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासत राहतात, तो सापडेनासा झाला आणि तसाच टिकला तर संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. ह्यावर तिने लगेच विचारलं, "मग लग्न?" होतं की, पण मुलीला आधी खरं सांगायचं, त्याने स्वतः. मुलंही बिनआजाराची होऊ शकतात, डॉक्टरला विचारून पुढे जायचं. आणि उद्या कोणाला धोका झालाच, सुई टोचली किंवा कंडोम फाटला, तर 72 तासांच्या आत पीईपी, म्हणजे लागण टाळायची औषधं, सुरू करायची, जितकी लवकर तितकी बरी, पूर्ण 28 दिवस. एड्स हेल्पलाइनचा 1097 नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला, चष्मा आणला नव्हता तिने.

उठताना म्हणाली, गोळीच्या बाटलीवरचा कागद काढून टाकला तर चालेल? शेजारीण घरात फिरते. मी म्हटलं काढा, पण गोळी कुठली ते पोराला माहीत असू द्या, आणि त्यालाच पाठवा एकदा, हवं तर तुम्ही पण या. पाच वाजताची बस होती, धावतच गेली.

ताट नि पेला टेबलावरच राहिला. विसरली की मुद्दाम ठेवला, कळायला मार्ग नाही, नाव नंबर काहीच घेतलेलं नाही ना. दोन महिने झाले, कपाटात आहे. आमचा टेक्निशियन परवा त्यात बिस्किटं काढून बसला होता.